कोकिळाचे जंतू

अमळनेरच्या अलीकडच्या गावात युवराज आणि त्याचा मोठा भाऊ शालिग्राम यांची वावरं बांधाला बांध लागून. हरभरा गुडघाभर वाढला की दोघांकडेही झाडं पिवळी पडायची; उपटलं तर मुळाची साल हातात यायची, आत काळं. मूळकूज.

युवराजच्या बायकोनं, कोकिळानं, जळगावच्या मावसबहिणीला विचारलं. हेमांगी तिथं प्रयोगशाळेत कामाला. तिनं जिवाणूंच्या बाटल्या दिल्या. म्हणाली, "हे मातीतलेच असतात. मुळाभोवती आधी यांनी घर केलं, की कुजवणाऱ्या बुरशीला जागा राहत नाही."

कोकिळानं बियाण्याला बाटलीतलं पाणी चोळलं, सावलीत वाळवलं, पेरलं. जेठांनाही एक बाटली नेऊन दिली. शालिग्रामनं ती हातातसुद्धा घेतली नाही. "जंतू पेरतस का कोणी?"

माघात कोकिळाचा हरभरा घाट्यांनी वाकला. बांधापलीकडं शालिग्रामचं वावर करपल्यासारखं झालं. तो पारावर बसून बोलू लागला, "कोकिळाना जंतूंनी मना हरभरा खादा."

तेवढं पुरलं. काढणीला सांगितलेल्या बायका आल्याच नाहीत. विहिरीवर कोकिळा गेली की बोलणं थांबे. ती जेठांच्या दारात जाऊन उभी राहिली. "भाऊ, तुमच्याकडं कूज दरसालची. जंतूंनी मारलं असतं तर माझं आधी मेलं असतं!"

"मंग तुनंच कसं वाचनं?" शालिग्राम म्हणाला. यावर तिच्याजवळ एकच उत्तर होतं, आणि तेच तिचा गुन्हा ठरलं होतं.

हेमांगी एकदा येऊन पारावर समजावून गेली. लोकांनी चहा पाजला, मान डोलावली. तिची गाडी वळली तसे हसले.

 युवराज घरात म्हणायचा, "तुनं खरं शे." बाहेर भावासमोर तोंड उघडायचा नाही. पुढच्या पेरणीला कोकिळानं बाटल्या आणल्या, तेव्हा त्यानं त्या उचलल्या, शालिग्रामला हाक मारून बोलावलं आणि त्याच्यादेखत एकेक बाटली गटारीत उलटी केली.

"अहो, काय करता?"

"भाऊ शे मना," तो म्हणाला. तिच्याकडं पाहिलं नाही.

बियाणं कोरडंच पेरलं गेलं. पौषात दोन्ही वावरं एकाच रंगाची झाली. एके दिवशी, वर्षभरानं, शालिग्राम त्यांच्या घरी चहाला आला. मजेत होता. काढणीच्या बायकांनीही वाटेत कोकिळाला हाक मारली.

"आते कसं," कप खाली ठेवत शालिग्राम म्हणाला, "बठ्ठं सारखं शे. तुनं बी, मनं बी."

युवराज हसला. कोकिळानं भावाभावांचे कप उचलले आणि मोरीवर नेऊन घासू लागली.