वळणावर कोणी नाही

बंदरापासून मोठ्या महामार्गापर्यंतचा तो टोलरस्ता इतका आखूड होता, की ट्रेलरवाले म्हणायचे, बिडी पेटवावी तर विझायच्या आत नाका येतो. त्या नाक्याच्या वरच्या मजल्यावर, कंट्रोल रूममध्ये, ती दिवसपाळीला बसायची. समोर भिंतभर पडदे. कुणाचा टायर फुटला, कोण गाडी कडेला लावून डुलक्या काढतोय, यावर डोळा ठेवायचा आणि गस्तीच्या गाडीला कळवायचं. ती गाडी चालवणाऱ्या वयस्कर माणसाला सगळे मामा म्हणत. मामा तिला वहिनी म्हणायचे.

एका रणरणत्या दुपारी मधल्या वळणाच्या पडद्यावर तिला बाई दिसली. म्हातारी, अनवाणी, आणि तीही भर रस्त्यात. दोन्ही बाजूंना उंच जाळी असलेल्या त्या रस्त्यावर पायी माणूस शिरणार तरी कुठून?

"मामा, वळणावर बाई आहे! पळा!"

थोड्या वेळात गस्तीची गाडी पडद्यावर आली. मामा उतरले, हात कपाळावर धरून चहूकडे बघितलं.

"वहिनी, वळणावर कोणी नाही."

म्हातारी त्यांच्या अगदी हाताशी उभी होती. एक हात कमरेवर, मान पुढे काढलेली, आणि ती खाली बघून कुणाला तरी चांगलीच फैलावर घेत होती. खाली तर नुसतं डांबर होतं.

कंट्रोल रूममध्ये ती खुर्चीतून उठली. सासूबाईंची ही कमरेवर हात ठेवायची तऱ्हा ती रोज घरात बघत होती. तिनं घरी फोन लावला. नवरा बंदरात क्रेन चालवायचा, रात्रपाळी करून झोपला होता. तो वैतागूनच "हॅलो" म्हणाला.

"आई कुठे आहेत?"

"कुठे असणार? झोपलीय."

"उठून बघ."

चपलांचा आवाज, दाराचा आवाज. मग तो हळू आवाजात म्हणाला, "झोपलीय गं. पण घामानं निथळतेय. आणि ओठ हलतायत."

शेजारच्या सुपरवायझरनंही पडद्यावर काहीतरी हलताना बघितलं होतं. "ऊन फार झालं की कॅमेऱ्याला भास होतात," असं म्हणून तो मोकळा झाला. तिला मात्र तसं मोकळं होता येईना. कारण त्या वळणाखाली त्यांचं जुनं घर गेलं होतं.

रस्त्याची आखणी झाली तेव्हा घर जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण मशिनं ठरल्यापेक्षा आधीच आली. सासूबाई तेव्हा बहिणीच्या आजारपणाला गेल्या होत्या. पोरानं आणि सुनेनं हाताला लागेल ते उचललं आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून टाकलं. सासूबाई परत आल्या त्या थेट फ्लॅटवरच. खिडकीतून खाली बघितलं, नळ सोडून बघितला, आणि स्वयंपाकाला लागल्या. घर पडताना त्यांनी बघितलं नाही, आणि त्याबद्दल कधी चकार शब्दही काढला नाही. सून म्हणायची, "आईंनी किती समजुतीनं घेतलं!"

आता दर दोन-चार दिवसांनी, दुपारची जेवणं उरकायच्या वेळेला, म्हातारी वळणावर यायची. कधी वाकून कुणाचा तरी दंड ओढायची. कधी दमून तशीच उभी राहायची आणि कंटेनर तिच्या अंगावरून निघून जायचे. दर वेळी सुनेचे डोळे आपोआप मिटायचे. उघडले, की म्हातारी तिथेच.

मग एक दिवस एका ट्रेलरनं त्याच वळणावर करकचून ब्रेक मारला. ट्रेलर आडवा झाला, कठड्यावर घासत गेला. ड्रायव्हर वाचला, हातावर निभावलं. मामांनी त्याला पाणी पाजलं तेव्हा तो एकच सांगत होता, "म्हातारी होती हो. रस्त्याच्या मधोमध बसलेल्या कुणाला तरी ओढत होती."

त्या संध्याकाळी सून घरी आली ती चप्पल न काढताच सासूबाईंच्या समोर बसली.

"आई, दुपारी तुम्ही कुठे जाता?"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"तुला कुणी सांगितलं?"

"पडद्यावर दिसता मला."

"अगं बाई! केस तरी नीट असतात का माझे?"

सुनेला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. "आई, तिथे गाड्या असतात. आज एक माणूस मरता मरता वाचला."

आता मात्र हात थांबले. सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"मी काय हौसेनं जाते? डोळा लागला की तिथेच असते. हे बसलेत ना तिथे, अंगणात खुर्ची टाकून. कान तर मेले कधीचेच गेलेत, गाड्यांचा आवाज कुठून ऐकू येणार! मी म्हणते, उठा, ते म्हणतात, चहा आण. घर सोडून हलायचं नाही म्हणतात. आपण निघालो तेव्हा त्यांना कुणी सांगितलंच नाही गं."

सासरे त्या अंगणातच, दुपारच्या झोपेत गेले होते. त्याला बरीच वर्षं झाली होती. सून या घरात आली तेव्हा त्यांचा नुसता फोटो होता.

"मग काय करायचं, आई?"

"झोपेत गेलं की माझं ऐकत नाहीत. जागेपणी गेले तर ऐकतील. मला एकदा घेऊन चल."

नवऱ्यानं आधी वेड्यात काढलं. मग आईच्या तोंडाकडे बघून तयार झाला. मामांना सांगायची पंचाईत होती, पण मामांनी फार विचारलं नाही. घासलेला कठडा दुरुस्त व्हायचाच होता. वळणाची एक बाजू बंद करून नारंगी कोन लावले, की थोडा वेळ सहज मिळणार होता.

ढगाळ दिवस होता. सासूबाई गस्तीच्या गाडीतून उतरल्या आणि मुलाचा हात सोडून पुढे गेल्या. पलीकडून कंटेनर धडधडत होते, पायाखालचा रस्ता हादरत होता. त्यांनी आधी सगळीकडे नजर फिरवली. ओटा कुठे, न्हाणी कुठे, कशाचाच मेळ लागेना, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या, लहान मुलासारख्या, तोंड उघडं टाकून. पोरगा धावला, तर सुनेनं त्याला धरून ठेवलं.

रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, कमरेवर हात ठेवला, मान पुढे काढली.

"बघा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, ऐकू न येणाऱ्याशी बोलतात तशा. "नीट बघा. आहे का काही? गेलं ते. आम्ही तिकडे राहतो आता. चहा तिकडेच मिळेल. उठा."

आणि जरा थांबून, अगदी वेगळ्या आवाजात, "अहो, चला ना."

काही झालं नाही. वारा सुटला, एक कोन आडवा पडला. सासूबाई वळून गाडीकडे आल्या, पण नेहमीच्या चालीनं नाही, तर कुणाच्या तरी पावलांना सांभाळत चालावं तशा सावकाश. आत चढल्या आणि सीटच्या पार कडेला सरकून बसल्या. मामा दार लावायला आले.

"दार जरा उघडं ठेवा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या गुडघ्यांना वेळ लागतो."

मामांनी दार धरून ठेवलं. टोपी काढली, बगलेत धरली आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. सासूबाईंनी मान हलवल्यावरच त्यांनी ते लावलं, अगदी हळू.

त्यानंतर वळणाच्या पडद्यावर म्हातारी कधी दिसली नाही. सून रोज त्या वेळेला बघायची. नुसते कंटेनर यायचे आणि जायचे. घरी सासूबाई आता दुपारी गाढ झोपत होत्या, घोरतसुद्धा होत्या.

एकदा नवरा पाळीवरून आला आणि बूट काढायला म्हणून त्यानं खिडकीजवळची खुर्ची ओढली.

"ती नको," आतून आईचा आवाज आला. "दुसरी घे."

त्यानं बायकोकडे बघितलं. खुर्ची त्यानं होती तशी, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि जमिनीवर बसून बूट काढले.