घासणारी दारं

सहामाहीत विज्ञानात दांडी उडाली, म्हणून फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या कन्येची उजळणी घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं विज्ञान गॅस पेटवण्यापुरतं. पण उत्तरं पुस्तकात छापलेली असली की मास्तरीण व्हायला काय लागतं?

आठवडाभराचा पाऊस सकाळीच उघडला होता. आमचे हे, पेशाने सुतार, पुढच्या दाराला पुन्हा एकदा रंधा मारत होते. टेकडीच्या पायथ्याशी आमची घरं ओळीने उभी. यंदा ओळीतल्या झाडून सगळ्या घरांची दारं घासत होती आणि यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

“चंद्र रोज वेगळा का दिसतो?” मी विचारलं.

“त्याचा उजेडातला भाग आपल्याला कमीजास्त दिसतो म्हणून. आई, जरा अवघड विचार.”

“बरं. झाडाच्या पेशीत असतं आणि आपल्या पेशीत नसतं, असं काय?”

“पेशीभित्तिका. आणि हरितलवक.”

“मुळांची कामं?”

“पाणी शोषणं, आणि माती धरून ठेवणं.” एवढं बोलून ती मागच्या खिडकीतून बाहेर बघायला लागली. टेकडीवरची झाडं गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीसाठी तोडली होती.

“बाहेर काय उत्तरं लिहिलीत? इकडे बघ. जमीन घसरण्याआधी कोणत्या खुणा दिसतात?”

“उतारावरचे खांब कलतात. भिंतींना तिरक्या भेगा पडतात. आणि...” गाडी अडली.

मी पुस्तकात बघितलं. “दारं-खिडक्या चौकटीत अडकू लागतात,” मी कसंबसं वाचलं.

रंध्याचा आवाज चालूच होता. कन्या उठून दाराशी गेली.

“बाबा, दार का घासतं?”

“पावसात लाकूड फुगतं, वकीलसाहेब.”

“फुगलं असतं तर सगळ्या कडेने घासलं असतं ना? तुम्ही तर दर वेळी वरचाच कोपरा तासता. ओळंबा लावून बघा.”

“माझ्या चौकटीला ओळंबा? ही मी माझ्या हाताने बसवलीय!”

यांच्या हाताला नाव ठेवलेलं यांना मुळीच खपत नाही. एरवी मीही हसण्यावारी नेलं असतं. पण आता मला भीती वाटत होती. “लावा म्हणते ना!” मी ओरडलेच.

फणकाऱ्यानेच त्यांनी ओळंब्याची दोरी चौकटीच्या वरच्या टोकाला धरली. खालचं वजन डोललं आणि थांबलं. वर दोरी लाकडाला चिकटलेली, खाली मधे माझी तीन बोटं जातील एवढी फट. त्यांनी दुसऱ्या बाजूलाही लावून पाहिलं. तीही त्याच अंगाला कललेली.

“लाकूड नाही फुगलं,” ते म्हणाले. “घर सरकलंय.” मग ते ओळीतल्या घरांकडे बघत राहिले. “दारं बोंब मारत होती गं. आणि मी एकेकाचं तोंड बंद करत फिरलो.”

मागच्या बाजूला बारीक दगड घरंगळल्याचा आवाज आला.

आम्ही होतो तसे बाहेर पडलो. मी अग्निशमन दलाला फोन लावला आणि हे दारोदार धावत सुटले. शेजारचा शिंपी हसायलाच लागला. “अहो, परवाच तर तुम्ही म्हणालात, लाकूड फुगलंय म्हणून!”

“चुकलो मी! साफ चुकलो! बाहेर या!” जन्मात कधी चूक कबूल न केलेला हा माणूस भर रस्त्यात ओरडत होता. त्याचा तो आवाज ऐकूनच लोकांचं हसू मावळलं. माणसं भराभर बाहेर आली.

राहिलं शेवटचं घर. तिथली नर्स रात्रपाळी करून झोपलेली. यांनी दार बडव बडव बडवलं, तेव्हा आतून कडी निघाल्याचा आवाज आला. दार मात्र जागचं हललं नाही.

“उघडत नाहीये हो!” ती आतून म्हणाली. “कालच तर तुम्ही करून गेलात!”

खिडक्यांना गज. यांनी खांदा लावला, लाथा घातल्या, मग शिंप्याकडून कुऱ्हाड मागून घेतली. टेकडीच्या पोटातून गुरगुर ऐकू आली आणि लोक मागे पळाले. मी कन्येला घट्ट धरून उभी होते. आत एक बाई रडत होती, आणि मला एवढंच वाटत होतं की यांनी ते दार सोडून परत यावं. “अहो!” मी किंचाळले. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा घाव घातला.

फळी फुटली. फटीतून नर्सचा हात बाहेर आला, त्यांनी तो धरला आणि फुटक्या फळीने ती ओरबाडली जात असतानाच तिला खेचून काढलं. दोघं रस्त्याच्या पलीकडे पोचले, न पोचले, तोच मागची माती सगळ्या ओळीत शिरली. आमचं घर गुडघे टेकावेत तसं बसलं.

धूळ उडत होती. ते एकेकासमोर जाऊन उभे राहत आणि विचारत, “तुमच्याकडचं आत कोणी राहिलं नाही ना?” प्रत्येकाने नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांना विचारून झालं, तशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.