सोन्याचा देश आणि मिठाच्या गोण्या

सातपुड्याच्या पायथ्याला खापर गाव. तिथल्या बाजारात हुकमीचंदाचं किराणा दुकान कुणालाही विचारा, लगेच बोट दाखवतील. पण हल्ली आत पाऊल कुणी टाकत नाही. गिऱ्हाईक चकचकीत दुकानांकडे वळलं. शेवटी हुकमीचंदानं घरात सांगून टाकलं, "आखाजीचा सण झाला की शटर ओढायचं अन् सुरतेला निघायचं."

हे ऐकून सगळ्यात जास्त जीव खालीवर झाला तो त्याच्या सुनेचा, चांदनीचा. सुरतेच्या फ्लॅटमध्ये बसून कबुतरं हाकलायची तिची तयारी नव्हती. तिच्या डोक्यात चारोळी होती. सातपुड्यातली चारोळी घ्यायची, फोडायची, निवडायची, पाकिटं करून मिठाईवाल्यांना द्यायची. दुकान वाचलं असतं. सगळं जमवलं होतं पोरीनं. फक्त चारोळीच मिळत नव्हती.

कारण चांगली चारोळी येते वरच्या पाड्यावरून, आणि वरच्या पाड्याच्या बाया या दुकानाच्या सावलीलासुद्धा उभ्या राहत नाहीत. हुकमीचंदाच्या आजोबांनी त्यांच्याकडून मापभर मिठाला मापभर चारोळी घेतली होती, वर्षानुवर्षं. डोंगरात मीठ पिकत नाही, करतील काय? पुढे बाजारभाव कळला, तेव्हा पाड्यावरच्या एका म्हातारीनं दुकानासमोर शपथ घातली, की आमच्यातली कुणी या घराशी बोलणार नाही. तेव्हापासून नाही म्हणजे नाही. त्या म्हातारीची नात मोतीबाई आता पाड्याची पुढारीण. चांदनी हाटात तिच्या मागं मागं फिरली, तर मोतीबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जसा तिथं विजेचा खांबच उभा आहे.

"बोलली तर समजावीन ना, दादीसा!" चांदनी रडकुंडीला आली.

दादीसा म्हणजे हुकमीचंदाची आई, जडावबाई. तोंडात दात नाहीत, पण थापांना दात कशाला लागतात? दुपारी नातवाच्या मोबाइलवर एखादा नवा देश ऐकायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याला शिंगं-शेपूट लावून घरात सोडायचा, हा म्हातारीचा उद्योग.

"बींदणी, माझी सूनबाई, बैस. तुला मालीची गोष्ट सांगते. आफ्रिकेतला देश. सातशे वर्षांपूर्वी तिथं सोनं असं निघायचं, जशी आपल्याकडं ज्वारी. पण मीठ? चिमूटभर नाही! मीठ पार वाळवंटात. तिथल्या गावात मिठाच्या विटांची घरं, मिठाच्या विटांची मशीद, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर."

"अन् पाऊस आला की सगळं गाव विरघळलं!"

"हस, हस. मीठ घेऊन उंटांचे तांडे निघायचे. पुढचा उंट नदीवर पाणी प्यायला, तरी मागचा अजून घरीच रवंथ करतोय. प्रत्येकाच्या नाकात सोन्याची नथ! तांड्यातले व्यापारी मुसलमान. बोली दहा, पण नमाज एक, कायदा एक अन् अल्लाला साक्षी ठेवून दिलेला शब्द एक. कैरोत दिलेला शब्द मालीतल्या टिंबक्टूत चालायचा. त्या शब्दावर बाजार वाढले, बाजारांची शहरं झाली, शहरांचं राज्य झालं. मशिदी उठल्या, मदरसे उठले, उंटावरून ग्रंथ यायला लागले. अन् त्यांचा एक राजा हजला निघाला तर वाटेत इतकं सोनं वाटत गेला, की कैरोत सोन्याचा भाव जो पडला, तो किती वर्षं उठलाच नाही."

"दादीसा, पुरे!"

"अगं, खरी गंमत पुढंच आहे. सोनं काढणारे लोक आपले जुने देव धरून होते. राजानं त्यांना छेडलं नाही. छेडलं की सोनं आटतं, हे ओळखलं होतं त्यानं. अन् हे सोनं काढणारे व्यापाऱ्यांना तोंडसुद्धा दाखवायचे नाहीत. व्यापारी नदीकाठी मिठाचे ढीग मांडायचे, ढोल बडवायचे अन् मागं निघून जायचे. मग ते यायचे, ढिगाशेजारी सोनं ठेवायचे अन् परत. व्यापाऱ्याला पटलं तर सोनं उचलायचं. नाही पटलं, तर कशालाच हात न लावता पुन्हा मागं, की ते येऊन सोनं वाढवायचे. एक शब्द नाही, एक चोरी नाही."

चांदनीनं मोबाइल ओढून घेतला. आज म्हातारीला पकडायचंच. तर काय! मिठाची मशीद खरी निघाली. कैरोचा पडलेला भाव खरा निघाला. मुक्या सौद्यावर पंडितांचं एकमत नव्हतं, पण हजार वर्षांपूर्वी अरबांनी तो लिहून ठेवला होता. उंटांच्या नथी तेवढ्या कुठं सापडल्या नाहीत.

मोबाइल तिनं मांडीवर ठेवला. अंगावर काटा आला होता. आपण शेजारच्या दुकानात सुट्टे मागायला गेलो तरी नोट उजेडात धरून बघतो, आणि ही माणसं, न बघितलेल्या माणसाच्या भरवशावर मीठ उघड्यावर टाकून पाठ फिरवायची! त्या पाठ फिरवण्यावर एवढं मोठं राज्य उभं राहिलं?

"दादीसा," ती हळूच म्हणाली, "शपथ बोलण्याची आहे ना? सौद्याची तर नाही?"

"आता कशी बोललीस!" जडावबाईनं मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी व्हॅन घेऊन वर गेल्या. पाड्याखालच्या नाल्याकाठी, मोहाच्या झाडाखाली चांदनीनं मिठाच्या गोण्या ओळीनं मांडल्या. जडावबाईनं तेलाचा रिकामा डबा असा बडवला, की झाडावरची माकडं डोंगरापार झाली. मग दोघी वळणामागं जाऊन बसल्या.

"कुणी सगळं मीठच उचलून नेलं तर?"

"तर पाड्यावरची भाजी खारट होईल. गप बैस."

ऊन चढल्यावर चांदनी बघायला गेली. गोण्या जागच्या जागी होत्या. शेजारी पळसाच्या पानाचा एक द्रोण होता आणि त्यात चारोळी. सगळ्या गोण्यांना मिळून एक द्रोण!

तिला वाटलं, द्रोण उचलावा, घरी न्यावा, सासऱ्यांना म्हणावं, बघा, सुरुवात तर झाली. हात पुढे गेलासुद्धा. मग थांबला. या द्रोणात काय लिहिलंय ते तिला वाचता आलं. तेव्हा माप तुमच्या हातात होतं, आज आमच्या.

तिनं द्रोणाला बोट लावलं नाही. व्हॅनमधून दुकानाचा चार्जिंगवरचा वजनकाटा आणला, मिठाशेजारी ठेवला, तोंड त्याचं पाड्याकडं केलं आणि मागं निघून आली. जडावबाईनं भुवया वर केल्या.

ऊन डोक्यावर आलं. मग झाडाखालून खणखणीत आवाज आला.

"ओ काट्या! तुन्हामा चार्जिंग नही शे!"

दोघी धावत सुटल्या. म्हणजे चांदनी धावली, जडावबाई डबा वाजवत आली. मोतीबाई काट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. चांदनीकडं तिनं बघितलंच नाही.

"आजीनी शपथ त्या घरशी बोलानी व्हती," ती काट्याला म्हणाली. "मी त तुन्हाशी बोली ऱ्हायनी. इचार तुन्ही मालकीणले, इतला मीठ कोन खाई?"

चांदनीनं काट्यासमोर मांडी घातली. 

"काट्या, त्यांना म्हणावं, मीठ नको तर परत नेते. माप त्यांचं, चारोळीचा भावही त्यांनीच सांगावा."

मोतीबाईनं भाव सांगितला. तो ऐकून जडावबाईसारख्या जडावबाईनं डबा खाली ठेवला. चांदनीनं मनातल्या मनात पाकिटांचा हिशेब केला. नफा अगदी थोडा. पण दुकान उघडं राहत होतं.

"काट्या," ती म्हणाली, "हो म्हणून सांग."

आता पहिल्यांदा मोतीबाईनं तिच्या डोळ्यांत बघितलं. हसली नाही. तोंडाशी हात नेऊन तिनं डोंगराकडं एक लांब हाक दिली. हाक या कड्यावरून त्या कड्यावर गेली.

मग झुडपं हलली. एका पायवाटेवर एक बाई दिसली, डोक्यावर चारोळीची टोपली. दुसऱ्या पायवाटेवर दोघी. बघता बघता सगळा उतार बायांनी भरला, लाल-हिरवी लुगडी वळणं घेत खाली यायला लागली. रिकामा वाटलेला डोंगर सकाळपासून एवढ्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत होता.

चांदनी उठून उभी राहिली आणि बघतच राहिली.