वाळू ओली आहे

आदल्या संध्याकाळी पाऊस झाला. त्या वाळवंटात वर्षातून मोजक्या वेळा होतो तसा, वर्षभराचा राग एकदम काढल्यासारखा. सकाळी नेड्रा ट्रक बाहेर काढायला आली तेव्हा आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं, पण अंगणात डबकी होती. 

शेजारची मैत्रीण लारू आपल्या घराच्या पायरीवर तयारच बसली होती. मांडीवर कडे-शिळा चढायचे बूट, शेजारी डब्याची पिशवी, आणि चेहरा असा, की पाऊस नावाचं काही झालंच नाही. तिच्यामागे घराचं दार सताड उघडं होतं आणि आत खोक्यांवर खोकी रचलेली दिसत होती. लारूची मुलगी शॉना तिला न्यायला आली होती. उद्या सकाळी सामान भाड्याच्या ट्रकमध्ये चढायचं आणि दोघी टकोमाला, समुद्राकाठी निघायच्या. तिथे हिवाळ्यात लारूचा गुडघा बदलायचा होता. त्यानंतर पडायचं नाही, उडी मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे ‘सासूचं नाक’ नावाच्या शिळेवर चढायला आजचा एकच दिवस उरला होता.

“डबकं आहे, जपून,” नेड्रा म्हणाली.

“कुठलं डबकं?” लारू म्हणाली आणि डबक्यातूनच चालत येऊन गाडीत बसली.

गावाबाहेर पडल्यावर सेजब्रशच्या रानझुडपांचा वास आत भरला. पावसानंतर तो असा काही सुटतो की माणसाला उगाच रडू येतं. नेड्राने काच वर केली.

“खाली कर गं,” लारू म्हणाली. “टकोमाला काय वास येणार आहे? शेवाळाचा. माझी लेक म्हणते, आई, तिथे दगडांवरसुद्धा हिरवळ असते. म्हटलं, मग चढता कशावर? तर म्हणते, आम्ही चढत नाही, फिरायला जातो.”

“फिरायला जाणंही बरं असतं.”

“तू गप्प बस आणि रस्ता बघ. खड्डा चुकवायचा असतो, त्यात जायचं नसतं.”

सॉरेल वॉश म्हणजे एक रुंद, कोरडा ओढा. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, आणि कड्यांवरून कधीकाळी निखळलेल्या शिळा खाली ज्युनिपरच्या झुडपांत विखुरलेल्या. काही गाडीएवढ्या, काही घराएवढ्या. त्यांतल्या कित्येकींची नावं या दोघींनीच ठेवलेली. त्या काळी दोघींचे नवरे कोळशाच्या खाणीत होते. शनिवारी ते रात्रपाळी करून घोरत पडले, की या मुलं लारूच्या जावेकडे सोडून इथे यायच्या. चर्चमधल्या बायकांना सांगायच्या, जुन्या बाणांची दगडी टोकं शोधायला जातो. खाली टाकायला एका मोटेलने फेकून दिलेली गादी होती. तिच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या, त्यामुळे पडण्यापेक्षा न पडलेलंच बरं वाटायचं.

लारूच्या सासूला एक दिवस सुगावा लागला. ती पाठोपाठ आली. काळा पोशाख, हातात पर्स, चर्चला निघाल्यासारखी. एका शिळेखाली उभी राहून तिने वर पाहिलं. शिळेचा पुढे आलेला भाग अगदी तिच्या नाकासारखा होता, आणि त्या नाकाखाली तिची सून लोंबकळत होती. नेड्राला वाटलं, आता संपलं सगळं. म्हातारी म्हणाली, “झग्याने कोणी चढतं का? उद्या घरी ये, ह्यांच्या जुन्या विजारी पडल्यात त्या देते.” त्या दिवसापासून ती शिळा सासूचं नाक झाली. सासूबाईंनाही ते नाव ठाऊक होतं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं होतं, की माझं नाक इतकं मोठं नाही.

ट्रक थांबला. ऊन पडलं होतं. शिळा तापलेल्या विटेसारखी कोरडी, तांबडी दिसत होती. लारू तिच्याकडे बघत राहिली. नेड्राने मात्र शिळेकडे पाहिलंच नाही. ती तिच्या पायथ्याशी सावलीत जाऊन गुडघ्यांवर बसली आणि वाळूत बोटं खुपसली. वरची वाळू सुकी होती. बोटाचं दुसरं पेर आत गेलं आणि गारवा लागला. तिने बोटं बाहेर काढली तेव्हा वाळू त्यांना चिकटून आली.

“बोलू नकोस,” मागून लारू म्हणाली.

“बोलले का मी?”

“तुझी पाठ बोलतेय.”

त्या मुलखात शिळांवर चढणारं प्रत्येक माणूस पावसानंतर हेच करतं. वाळूचा दगड वरून लवकर सुकतो, आतून नाही. आत पाणी आहे तोवर तो दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा. दिसायला धड, पण हात लावला की गेला. आणि मोडलेली पकड, म्हणजे हाताला धरायची कड, पुन्हा उगवत नाही. सासूच्या नाकावर तर सगळी मदार एका पापुद्र्यावर होती. नाकाच्या दांडीवर तळहाताएवढा, भाकरीसारखा पातळ पापुद्रा. डावा हात तिथे गेल्याशिवाय वर जाताच येत नाही.

“माझं वजन ते काय?” लारू म्हणाली. “कोंबडीएवढं.”

“कोंबडी बघितलीयस का कधी स्वतःच्या डोळ्यांनी?”

“आणि माझी सासू आहे ती. तिचं नाक मी मोडीन, नाहीतर ठेवीन. तुझं काय जातंय?”

नेड्राने हसत बोटांची वाळू झटकली. “दुपारपर्यंत थांबू,” ती म्हणाली. “वारा सुटेल.”

दुपारपर्यंत एवढी शिळा वाळत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तरी त्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसल्या. लारूने डबा उघडला. हॅमचे सँडविच, आणि घरच्या बरणीतले पाकातले पीच. झाड तिच्याच परसातलं. घराच्या नव्या मालकाला पीच आवडत नाहीत, असं शॉनाने सांगितल्यापासून लारूला तो माणूस डोळ्यांसमोर नको झाला होता. दोघींनी एकाच चमच्याने खाल्लं. वारा काही सुटला नाही.

तेवढ्यात धूळ न उडवता एक गाडी आली. ओल्या रस्त्यावर धूळ कसली उडणार? तिच्यातून एक मुलगा आणि एक मुलगी उतरली. दोघांच्या पाठीवर घडी घातलेल्या जाड गाद्या, मागून पाहिलं तर पलंगाला पाय फुटल्यासारखी दिसत होती. मुलाचं नाव कॉर्बिन, मुलीचं हॅडली. नेब्रास्काहून सलग गाडी हाकत आली होती.

“नमस्कार मॅडम,” कॉर्बिन म्हणाला. “गावातल्या दुकानात म्हणाले, वॉशमध्ये पांढरा ट्रक दिसला तर त्या बाईंना विचारा. कोरडं आहे का?”

“मॅडम म्हणू नकोस, मी काय शाळा चालवते?” लारू म्हणाली, आणि नेड्रा तोंड उघडायच्या आत पुढे बोलली, “हो, कोरडं आहे. खुशाल चढा.”

पोरांचे चेहरे उजळले. कॉर्बिनने तिथल्या तिथे गादी सोडली आणि सासूच्या नाकाखाली पसरायला घेतली. हॅडली बुटांच्या नाड्या बांधायला बसली.

नेड्रा चमचा हातात धरून तशीच बसून राहिली. लारूकडे तिने पाहिलं. लारू बरणीत बघत होती. उभ्या आयुष्यात लारू दगडाबद्दल खोटं बोलल्याचं तिला आठवेना. नवऱ्याशी बोलली होती, गावच्या चर्चच्या बिशपशी तर दर रविवारी. दगडाबद्दल नाही. आता परक्या पोरांसमोर तिला खोटं पाडायचं, तेही आज. नाही पाडलं, तर ही दोघं इथून सुरुवात करतील आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या वॉशमधल्या पकडी हातात घेऊन परततील.

“बाळ,” नेड्रा शेवटी म्हणाली, “त्या गादीच्या कडेला वाळूत बोट घाल. खोल घाल.”

हॅडलीने घातलं. बोट बाहेर काढून तिने कॉर्बिनला दाखवलं. त्याला ओली वाळू चिकटली होती.

“पण या तर म्हणाल्या...” कॉर्बिन म्हणाला.

“तिची नजर कमी झालीय.”

“माझी नजर शाबूत आहे,” लारू म्हणाली आणि फळीवरून खाली उतरली. “पोरांनो, तुम्ही कधी जाणार?”

“उद्या सकाळी,” हॅडली म्हणाली. “सोमवारी कामावर जायचंय.”

“मीही उद्याच. फरक एवढाच, की तुम्ही परत याल.”

तिने बूट चढवले. गुडघा वाकेना म्हणून डावा बूट उभ्यानेच, ट्रकला धरून. मग त्या पोरांच्या गादीवरून चालत ती शिळेपाशी गेली, उजवा पाय खालच्या खाचेत ठेवला, आणि डावा हात वर नेऊन पापुद्र्यावर टेकवला.

नेड्रा उठली. तिला ओरडायचं होतं, पण तिचे पाय सवयीने लारूच्या मागे गेले आणि दोन्ही हात वर झाले. इतकी वर्षं एक वर चढत असली की दुसरी खाली अशीच उभी राहायची. तोल गेला तर कमरेला आधार देऊन गादीवर आणायचं.

“नाही म्हणतेस, आणि हात वर करून उभी राहतेस?” लारूने मान न वळवता विचारलं.

“नाही तर आहेच. पण तू पडलीस तर शॉना मला खाईल.”

लारू हसली. हसताना तिची बोटं जराशी हलली. पापुद्र्याच्या कडेवरून वाळूचे चार कण सुटले आणि तिच्या कपाळावर पडले. पापुद्रा मोडला नव्हता. नुसते कण. पण कोरड्या दिवशी तेही पडत नाहीत. लारू तशीच उभी राहिली, हात दगडावर, अजून भार न घातलेला. मग तिने हात काढून घेतला. आजाऱ्याच्या कपाळावरून काढतात तसा, हळूच.

“ओली आहे,” ती पोरांकडे वळून म्हणाली. “मी खोटं बोलले. माझ्या नावाने दुकानात तक्रार करा.”

“नाही करत,” हॅडली म्हणाली. “पीच मिळाले तर अजिबात नाही करत.”

बरणी त्या दोघांनी संपवली.  लारूने बूट काढून बाजूला ठेवले होते आणि ती नाकाकडे बघत होती. नेड्राला वाटलं, आता ही रडणार. लारू म्हणाली, “फोन दे.”

फोनला तिथे फक्त वरच्या उंचवट्यावर रेंज मिळते. दोघी एकमेकींना धरून वर चढल्या. लारूने फोन कानापासून लांब धरला, त्यामुळे शॉनाचं बोलणं नेड्राला शब्द न् शब्द ऐकू आलं.

“आई, कुठे आहेस? पडदे काढायचेत अजून.”

“शॉना, आपण उद्या निघणार नाही.”

“म्हणजे? आई, ट्रक भाड्याचा आहे. मी रजा घेतलीय. उद्या म्हणजे उद्या.”

“वाळू ओली आहे,” लारू म्हणाली.

 शॉना लहानपणी कधीकधी यांच्याबरोबर यायची आणि त्याच स्प्रिंगा निघालेल्या गादीवर दुपारी झोपायची. टकोमात राहून तिने बरंच काही सोडलं होतं. हेही सोडलं होतं का, ते नेड्राला ठाऊक नव्हतं.

“किती ओली?” शॉनाने विचारलं.

“दुसऱ्या पेराला गार लागते.”

“मग उद्याही नाही सुकायची,” शॉना सुस्कारा सोडून म्हणाली. “परवा बघू. मी बोलते ट्रकवाल्याशी. आणि नेड्रामावशीला सांग, तुला आज खालीच ठेवायचं.”

“खालीच आहे गं बाई,” नेड्रा फोनकडे ओरडली.

पोरं दुसऱ्या दिवशी एकाही शिळेला हात न लावता परत गेली. जाताना हॅडलीने आपली एक गादी नेड्राच्या ट्रकमध्ये टाकली. म्हणाली, वसंतात येऊ तेव्हा नेऊ. लारूने ती दाबून पाहिली आणि म्हणाली, “असल्या गादीवर पडायला मिळतं म्हणून हल्लीची पोरं पडतात.”

परवा उजाडला तो वारा घेऊन. रात्रभर वाहून त्याने ओढ्यातल्या चिखलाचे कागदासारखे पापड केले होते. नेड्राने पायथ्याशी हात खुपसला, मनगटापर्यंत. वाळू बोटांतून पाण्यासारखी गळून गेली.  या वेळीही लारूने तिची पाठ बरोबर वाचली आणि बूट घातले.

शॉना भाड्याचा ट्रक तिथेच घेऊन आली होती, सगळं सामान भरून, इथूनच परस्पर निघायला. तिने हाताची घडी घातली आणि दूर उभी राहिली. मग जवळ आली. मग नेड्राच्या बाजूला येऊन तिनेही हात वर केले.

लारूचा पहिला पाय खाचेत गेला. दुसरा सरकला, पुन्हा बसला. डावा हात पापुद्र्यावर गेला आणि तिने सगळा भार त्याच्यावर टाकला. पापुद्रा हलला नाही, कण पडला नाही. मग बराच वेळ फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मधूनच शिव्या, ज्या तिने चर्चमध्ये कधी वापरल्या नसत्या. गुडघा वर येईना तेव्हा तिने पोटावर सरपटत नाकाचा शेंडा ओलांडला. ते काही बघण्यासारखं दृश्य नव्हतं. वर पोहोचल्यावर ती तशीच पालथी पडून राहिली.

“आई?” शॉना ओरडली. “बरी आहेस ना?”

“बरी आहे. थांब जरा.”

ती उठून बसली, पाय खाली सोडून, सासूच्या नाकावर. केस विस्कटलेले, पोटावर तांबडी माती. इथून कोळशाच्या खाणीचा जुना मनोरा दिसतो, गावातली झाडं दिसतात, आणि हवा चांगली असली तर तिच्या परसातलं ते पीचचं झाडसुद्धा. खालून नेड्राला यातलं काही दिसत नव्हतं. ती लारूचं तोंड बघत होती.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. या शिळेवरून उतरायचं म्हणजे मागच्या उतारावरून यायचं आणि शेवटी उडी मारायची. त्या नेहमीच उडी मारत. पापुद्र्याच्या नादात तिला ते सुचलंच नव्हतं.

“लारू,” ती म्हणाली, “उतरणार कशी तू?”

लारूने मागे वळून उताराकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, मग खाली दोघींकडे.

“बापरे,” शॉना म्हणाली. “बापरे, आई! आता काय करायचं? शिडी आणू गावातून? नेड्रामावशी, शिडी आहे का कुणाकडे?”

“बिशपकडे आहे,” नेड्रा म्हणाली.

“मग आण,” वरून लारू पाय हलवत, गावाकडे बघत म्हणाली. “पण हळू चालव. रस्ता खराब आहे.”