सावरलेली आई

नव्या आयांची विचारपूस करणारी गृहभेटीची ताई दर आठवड्याला यायची, आणि ती येणार त्या दिवशी घर कसं लख्ख असायचं. बाळाला आंघोळ, दुपटी धुतलेली, आईचे केस विंचरलेले. एरवी भांडी सिंकमध्ये तशीच पडून असायची आणि बाळ रडून रडून लालबुंद झालं, तरी आई भिंतीकडे बघत बसून राहायची. तिला त्याची माया येत नव्हती. बाळ पालथं पडायला लागलं, तरी नाही.

हे ताईला सांगायचं तिने कितीदा मनात घोळवलं. ताई यायची ती त्यासाठीच. पण खालच्या शेजारणीच्या जिभेला हाड नाही. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की असलं काही बोललीस तर ताईचे लोक मूल उचलून नेतात. मग आई मूग गिळून बसली, हसायलाही शिकली. ताई बिचारी भोळी. तिला वाटलं, आपल्या हाताला यश आलं.

ताईच्या कामात एक पद्धत होती. सावरलेल्या आईकडे नव्या आईला न्यायचं आणि दोघींना बोलू द्यायचं.

तशी ताईने आईकडे आणलेली पोरगी जेमतेम विशीची. कुडता उलटा घातलेला, डोळे सुजलेले, बाळ ताईच्याच मांडीवर. काय विचारायचं ते हिला विचार, असं ताईने कौतुकाने सांगितलं.

पोरगी फरशीकडे बघत हळूच म्हणाली, "हा रडला की वाटतं, दार ओढून घ्यावं आणि निघून जावं. तुम्हाला वाटलं होतं का कधी असं?"

'हो' आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर ताई होती. ज्याची माया येत नव्हती, तेच बाळ जाईल या भीतीने तिने त्याला छातीशी घट्ट धरलं.

"नाही गं," ती म्हणाली. "कधीच नाही."

पोरीने मान डोलावली. तोंड पुसलं, ताईकडून बाळ घेतलं आणि हसली. ते हसू आईच्या चांगलंच ओळखीचं होतं. तिला रडू आलं, पण तिने ते गिळलं.

"मलाही तसं काही नाही," पोरगी म्हणाली. "झोप झाली नाही, एवढंच."