समुद्र दाराशी येण्याआधी

जानेवारीतली ती दुपार जन्मतःच वृद्ध होती. सूर्य क्षितिजावर क्षणभर टेकला, शिशासारखा फिकटला आणि विझला. एस्टोनियाच्या त्या किनारी नगरीवर धूम्रवर्ण आकाश ओणवले. नैऋत्येकडून वारा आला. पिसाट, खारट, हिमदंती वारा.

तीयू राउदसेप नगरपालिकेच्या खिडकीत उभी होती. अर्धे आयुष्य तिने विद्यापीठात भूगोल शिकवला. किनारे कसे सरकतात, पाणी भूमीला कसे कुरतडते, हे सांगता सांगता केस रुपेरी झाले. मग याच किनाऱ्याच्या काळजीने ती निवडणुकीत उतरली आणि पानगळीत महापौर झाली. नकाशावरची निळाई किती निरुपद्रवी असे! आज ती निळाई काळीभोर होऊन गर्जत होती.

नरसाळ्यासारखा निमुळता उपसागर. त्याच्या मुखाशी वारा, टोकाशी कोळ्यांची सखल वस्ती. वारा पाणी आत रेटणार आणि ते टोकाशी चढत जाणार, तिला सारे दिसत होते. दिसत होते म्हणूनच काळीज लकलकत होते.

"सकाळपर्यंत थांबू," उपमहापौर म्हणाले. "पाणी आलंच नाही, तर गाव हसेल आपल्याला."

"हसू दे," ती म्हणाली. "वस्ती रिकामी करा."

घरामागून घर निघाले. एकच दार मिटलेले राहिले, जाळी विणणाऱ्या वृद्ध हेल्मीचे. तीयू स्वतः गेली. दार ठोठावले.

दार किलकिले झाले. फटीत दोन डोळे, विस्फारलेले, पांढरेफटक.

"लहान होते मी," हेल्मी कुजबुजली, "तेव्हाही असंच दार वाजलं होतं. सोव्हिएत शिपाई म्हणाले, निघा. सायबेरियात नेलं आम्हाला. आई तिथल्या बर्फातच राहिली. आता तू म्हणतेस, निघा."

पाठीशी समुद्राचा हंबरडा, पुढ्यात थरथरती म्हातारी. आणि मधोमध तीयू, हुकूम घेऊन दारात उभी ठाकलेली आणखी एक सत्ता. समुद्राहूनही तिला स्वतःचीच भीती वाटली.

ती ओल्या पायरीवर खाली बसली.

"हेल्मी, मी फार घाबरलेय. तुम्हाला ओढून नेणार नाही. पण तुम्हाला सोडून जाणारही नाही."

गल्लीच्या तोंडाशी पाणी चकाकले. सरपटत, फुत्कारत, श्यामल पाणी.

हेल्मीने दार आणखी थोडे उघडले. "ते शिपाई घाबरलेले नव्हते," ती सावकाश म्हणाली. मग खुंटीवरची शाल ओढली. "दार मी लावणार. किल्ली माझ्याजवळ राहील."

"तुमच्याजवळच."

उंचवट्यावरच्या शाळेच्या खिडकीतून त्यांनी पाहिले. समुद्र आला. कुंपणे ओलांडून आला, अंगणे गिळत आला, हेल्मीच्या घरात न ठोठावता शिरला. काचेपाशी दोघी एकमेकींना बिलगून उभ्या होत्या. आणि खाली, दिव्यामागून दिवा, वस्ती विझत गेली, विझत गेली.