तेरावं पान

भिकारी मिळेनासे झाले होते. लग्नाला लागणारं बाकी सगळं मिळत होतं. मांडववाला ठरला, व्हायोलिनवाले ठरले, डुक्कर सांगून ठेवलं, नवऱ्यामुलाच्या बुटांना शोभतील असे मोजेसुद्धा आले. पण गुरुवारच्या जेवणाला तेरा भिकारी कुठून पैदा करायचे, या विचाराने इश्पेरांसच्या डोक्याचा भुगा झाला होता.

घरात लग्न निघालं की आधी घरातल्या मेलेल्यांना जेवू घालायचं, आणि मेलेले जेवतात ते भिकाऱ्यांच्या तोंडाने. इश्पेरांसच्या सासरी तेरा पानांचा नेम होता. पूर्वी चर्चची घंटा वाजवणारा मडगावच्या बाजारात एक फेरी मारायचा आणि वीस जण त्याच्या मागून यायचे. यंदा त्याने हात वर केले. गरीब पुष्कळ आहेत म्हणाला, पण भिकारी म्हणून बोलावलं तर अंगावर धावून येतात. ज्याच्या त्याच्या घरातला एक तरी मुलगा बोटीवर नाहीतर विलायतेत, मग मान ताठ असायचीच. शेवटी सिस्टरांच्या वृद्धाश्रमातले बारा म्हातारे कबूल झाले. एक पान उरलं.

बारावर भागवलं तर काय बिघडेल, असं इश्पेरांसने नणंदेला दबकत विचारून पाहिलं. बेर्ता लग्नासाठी खास लिस्बनहून आली होती आणि आल्या दिवसापासून घर तिच्याच ताब्यात होतं. तिने चष्म्यावरून पाहिलं. "तेरावं पान इनासचं," ती म्हणाली. "माझ्या भावाला उपाशी ठेवून त्याच्या मुलाचं लग्न लावणार आहेस का?" इनासला जाऊन चारच वर्षं झाली होती.

तेव्हा इश्पेरांसला कुस्तोदी आठवली.

कुस्तोदी बांधापलीकडे एका खोलीत एकटी राहायची. एके काळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अर्धा गाव पालथा घालणारी बाई, गुडघे गेले तशी पाटीही गेली. नवरामुलगा रोमाल्द दीड वर्षाचा असताना इनासचं बोटीवरून वर्षभर पत्र नाही की निरोप नाही, आणि इश्पेरांसची चूल थंड पडलेली. त्या वर्षी रोमाल्द कुस्तोदीच्या मडक्यातली पेज पिऊन जगला. तिच्या कुशीत झोपला, 'मांय' म्हणून पहिली हाक त्याने तिलाच मारली. इश्पेरांसने ही गोष्ट सासरच्या कुणाला कधी कळू दिली नव्हती. त्या वर्षी बेर्ताला लिहिलेल्या पत्रात तिने कळवलं होतं की आमचं उत्तम चाललं आहे, काळजी नसावी.

मंगळवारी ती कुस्तोदीकडे गेली. बिचारीच्या पोटात चांगलंचुंगलं जाईल, वर नवा टॉवेल मिळेल, यात तिचं भलंच आहे, असं वाटेभर स्वतःला समजावत गेली. पण दारात उभं राहिल्यावर तिची जीभ रेटेना. "गुरुवारी दुपारी जेवायला ये हं, जरा लवकरच ये," एवढंच ती म्हणाली. भिकाऱ्यांचं जेवण हे शब्द तिने गिळून टाकले. कुस्तोदीचा चेहरा असा काही खुलला की इश्पेरांसला तिथे क्षणभर थांबवेना. घरी येऊन तिने बेर्ताला सांगितलं, बांधापलीकडची एक म्हातारी तेरावी येईल.

गुरुवारी कुस्तोदी सकाळी आठलाच हजर. अंगात चर्चला जायचा निळा झगा, केसांना तेल चोपडलेलं. ती तडक स्वयंपाकघरात शिरली, कमरेला फडकं बांधलं, सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या कढीची चव घेऊन आचारणीला मीठ कमी पडल्याचं सुनावलं आणि भात गाळायला घेतला. घरचं कार्य म्हणजे आपल्याला राबायला बोलावलंय, दुसरं काय असणार, असं तिच्या प्रत्येक हालचालीत दिसत होतं. म्हातारे येऊन ओसरीवर बसले तसे तिने त्यांचे हात धुवायला पाणी घातलं, पानं वाढली. एकाचा हात थरथरत होता, त्याला ती म्हणाली, "खा रे बाबा पोटभर. तुला कुठे रविवारी नवरा म्हणून उभं राहायचंय?" सगळे म्हातारे खिदळले.

इश्पेरांस दाराआडून पाहत होती. आत्ताच पुढे व्हावं, हिला बाजूला घेऊन सांगावं, नाहीतर तेराव्यासाठी दुसरं कुणी पाहावं, असं तिला वाटत होतं. पण नवरीचे मामा बैठकीत बसले होते, त्यांच्या सरबराईचं निमित्त मिळालं आणि ती तिकडेच रेंगाळली.

बेर्ता बाहेर आली. तिने पानं मोजली. "तेरावं रिकामं कसं?" असं म्हणता म्हणता तिची नजर कुस्तोदीवर गेली. "तूच ना ती बांधापलीकडची? मग हातात पळी कशाला? बस की पानावर."

कुस्तोदी हसली. थट्टाच वाटली तिला. मग तिने इश्पेरांसकडे पाहिलं आणि तिच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली. ही आमच्या घरची आहे, इतकं म्हणणं पुरेसं होतं. पण घरची म्हणजे कोण, असं बेर्ता विचारणार, मग ते वर्ष निघणार, ती पेज निघणार, आणि नवरीचे मामा ऐकत बसणार. इश्पेरांसने नजर चुकवली.

"बस गं कुस्तोदी," ती म्हणाली. "जेवणच तर आहे."

कुस्तोदीने फडकं सोडलं, नीट घडी घालून कठड्यावर ठेवलं आणि ती तेराव्या पानावर बसली. वाढलेलं सगळं जेवली, शीतही टाकलं नाही. नंतर सर्वांबरोबर तिने मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटली आणि इनासचं नाव खणखणीत आवाजात घेतलं. टॉवेल दोन्ही हातांनी घेतला. "देव बरें करूं, बाये," असं बाकीचे म्हणाले तसंच तीही म्हणाली. तीस वर्षांत तिने इश्पेरांसला मालकिणीला म्हणतात तसं 'बाये' कधी म्हटलं नव्हतं. येताना ती परसदाराने आली होती, गेली ती मात्र म्हाताऱ्यांच्या मागोमाग पुढच्या फाटकातून.

शरमेने इश्पेरांसचा जीव अर्धा झाला. शुक्रवारभर ती कामात तोंड लपवून राहिली. जाऊन पाय धरावेत असं दहा वेळा मनात आलं आणि दहाही वेळा तिने दुसरं काहीतरी काम काढलं.

शनिवारी दुपारी रोस होता, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाला नारळाचा रस लावून न्हाऊ घालायचं. रस वाट्यांतून भरून ठेवला होता, मांडवात बायका जमल्या होत्या, आणि जुनी चड्डी-बनियन घालून रोमाल्द स्टुलावर बसला होता. रोस लागला की नवऱ्यामुलाने घराबाहेर पडायचं नसतं. त्याने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कुस्तोदीमांय कुठे आहे म्हणून विचारलं. ती आल्याशिवाय अंगाला थेंब लावू देणार नाही, मीच जाऊन आणतो, म्हणत तो उठलाच. "तू बस. मी आणते," इश्पेरांस म्हणाली आणि तशीच निघाली.

कुस्तोदी घरातल्या जुन्या झग्यात तांदूळ निवडत बसली होती. बाजूला तो टॉवेल, पिशवीतून बाहेरही न काढलेला. इश्पेरांस उंबऱ्यातच थबकली. माझं चुकलं, असं कसंबसं म्हणाली.

"इनासच्या नावानं जेवायचंय असं मंगळवारी सांगितलं असतंस ना," कुस्तोदी सुपातून नजर न काढता म्हणाली, "तर फाटका झगा घालून आले असते मी. त्याची कसली आलीय लाज? मला वाटलं, पोराच्या लग्नाला घरचं माणूस म्हणून बोलावलंय. दोन दिवस मी त्या झग्याला इस्त्री करत होते गं."

इश्पेरांस रडायला लागली. रोमाल्द अडून बसलाय, चल, तिने विनवलं.

"येईन की. पण तुझ्या बोलावण्यानं नाही. तुझ्या बोलावण्यात काय असेल ते आता मला कळत नाही. पोराला सगळं सांग. ऐकून घेऊन तो न्यायला आला तर येते."

"लोकांदेखत सांगू?"

"माझं लोकांदेखतच झालं," कुस्तोदी म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

बांधावरून परतताना इश्पेरांसने ते वाक्य मनात पाठ केलं. मी कुस्तोदीमांयला भिकाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. तेवढंच सांगायचं, पुढचं पुढे. मांडवात पाय ठेवीपर्यंत ते अगदी ओठांवर होतं. सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या, बेर्ताने चष्मा सावरला, रोमाल्दने तिच्या मागे कोण आहे ते पाहायला मान उंच केली.

"ताप आलाय तिला," इश्पेरांस म्हणाली. "उठवत नाही म्हणते."

रोमाल्दचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मग उद्या चर्चला जाताना गाडी आधी तिच्या दारात थांबवायची. तिचा आशीर्वाद घेतल्याशिवाय मी पुढे जायचा नाही."

बायकांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. बेर्ताचेही डोळे पाणावले. "एका मासळीवालीची एवढी आठवण ठेवतो पोरगा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अगदी तुझ्यावर गेलाय, इश्पेरांस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी रोसची वाटी इश्पेरांसच्या हातात दिली आणि आईचा हात पहिला, म्हणून तिला पुढे ढकललं. तिने रसात बोटं बुडवली. रोमाल्दने डोळे मिटले आणि तिच्यापुढे मान वाकवली.